बाईंचा बिनशेवटाचा सिनेमा

माझ्या लग्नाची पत्रिका बाईंना द्यायला मी स्वतः गेलो होतो. चौथ्या दिवशी ती परत आली, लाल पेनानं तपासून. 'आशिर्वाद'मधली शि दीर्घ केलेली, 'सहकुटूंब'मधला टू ऱ्हस्व केलेला, आणि खाली दहापैकी साडेचार गुण देऊन सही. लग्नाला त्या आल्या, आहेरही आणला, पण नवरीकडच्या लोकांना माझी ओळख अशी करून दिली की मुलगा शुद्धलेखनात कच्चा आहे, बाकी ठीक आहे. आमच्या घरात भांडण झालं की बायको अजूनही हे प्रमाणपत्र काढते.

आमच्या भिलाईत मराठी माणूस मराठी घरात बोलतो, आणि तेही आई समोर बसली असेल तर. बाप लोक भंडारा-गोंदियाकडची शेती भावाच्या हवाली करून स्टील प्लांटमध्ये आले, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, आणि पोरं हिंदी झाली. अशा गावातल्या शाळेत बाई मराठी शिकवायच्या. वर्गात आम्ही अकरा जण. त्या अकरा जणांवर साऱ्या महाराष्ट्राची लाज टिकून आहे असं त्या वागत. माझ्या 'मले'चं त्यांनी मारून मारून 'मला' केलं. त्यांचा हात हलका असता तर हे लिखाण तुम्हाला वाचता आलं नसतं, तेव्हा जे काही आहे ते त्यांच्या पट्टीचं देणं समजा.

अर्धं वाक्य त्यांना चालायचं नाही. "बाई, ते मी काल..." असं म्हणून कोणी थांबला की त्या म्हणायच्या, "वाक्य पूर्ण कर. अर्धं वाक्य बोलणारा माणूस अर्ध्या चड्डीत फिरतो." एका पोरानं खिडकीतून खाली पडताना अर्धवट किंकाळी मारली तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं असणार, अशी आमची खात्री होती. पडलेला मीच होतो, म्हणून मला ऐकू आलं नाही.

आणि 'मॅडम' म्हटलं की त्या वळायच्याच नाहीत. साऱ्या शाळेत मैडम-मैडम चालायचं, पण यांना 'बाई'च म्हणायचं. मुख्याध्यापक बिचारे बिहारचे, त्यांनाही म्हणावं लागायचं. न शिकवता म्हणणारा एकच माणूस होता, शाळेचा शिपाई बिसाहू. जवळच्या उतई गावचा. उंच, काळा, कमी बोलणारा. रोज सकाळी सायकलनं यायचा, संध्याकाळी सायकलनं जायचा, मधल्या वेळात घंटा द्यायचा. "हव बाई", "आनत हंव बाई", म्हणजे हो आणि आणतो, एवढंच त्याचं बोलणं. माझा बाप त्याच्यावर भारी खूश. म्हणायचा, पाहा रे, छत्तीसगढ़िया माणूस असून कसे संस्कार आहेत, बाई म्हणतो, अन् तुम्ही मराठ्याच्या पोटी जन्मून मैडम म्हणता. बिसाहूच्या संस्कारापायी मी दोनदा मार खाल्ला आहे.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. कावून नाही केलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की एवढ्या चुका काढणाऱ्या बाईला नवरा कोण मिळणार. मलाही ते पटलं होतं. नवऱ्यानं प्रेमपत्र लिहिलं असतं तर साडेचार गुण घेऊन परत आलं असतं.

बाई निवृत्त झाल्या, बिसाहूही झाला, पण सायकल काही थांबली नाही. तो आता शाळेऐवजी बाईंच्या घरी यायचा. झाडांना पाणी घालायचा, गहू दळून आणायचा, पाच वाजता फाटकाशी उभा राहून "जावत हंव, बाई", जातो बाई, एवढं म्हणायचा आणि उतईचा रस्ता धरायचा. अशी निष्ठा आता कुठे राहिली, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. म्हणायला काय जातं.

माझं भिलाईतच, सुपेल्याच्या बाजारात, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. लग्न, बारसं, साठी, आणि आता लोक तेरवीचंही शूटिंग करून घेतात, त्यात माझा काही दोष नाही. एक दिवस भर गर्दीतून छत्री टेकत बाई दुकानात आल्या, येता येता बाजूच्या दुकानाच्या पाटीवरच्या दोन चुका मोजून आल्या, आणि बसून म्हणाल्या की मला सिनेमा काढायचा आहे. प्रेमकथा. पन्नास वर्षांपूर्वीची, घरच्यांनी नाकारलेली, जन्मभर लपवून ठेवलेली. कॅमेरा तू धरायचा, कारण दुसरा कोणी माझ्या ओळखीचा नाही. माझ्या कलेचं इतकं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

मी विचारलं, शेवट काय आहे? त्या म्हणाल्या, शेवट अजून लिहिला नाही. अर्ध्या वाक्यावर पट्टी उगारणाऱ्या बाई अर्धा सिनेमा घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे बोट दाखवायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही.

कथा साधी होती. प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहणारी मराठी मुलगी आणि रोज दूध घालायला येणारा गावाकडचा मुलगा, ज्याच्या बापाची जमीन प्लांटमध्ये गेली आहे. मुलीचा बाप आणि भाऊ व्हरांड्यात बसून असतात. त्यांच्या नाकाखाली सगळं चालतं आणि त्यांना कळत नाही. मी मनात म्हटलं, असे मठ्ठ बाप-भाऊ सिनेमातच असतात.

शूटिंग दोन महिने चाललं, दर रविवारी, बाईंच्याच क्वार्टरच्या रांगेत. जुना काळ दिसला पाहिजे म्हणून बाईंनी सगळ्या रांगेवर जुना काळ लादला. लोकांच्या छतावरच्या डिश काढायला लावल्या. प्लॅस्टिकच्या बादल्या घरात ठेवायला लावल्या. एका शेजाऱ्याची नवी गाडी गोधडीखाली झाकली, तो तीन रविवार ड्यूटीवर पायी गेला. मागे प्लांटच्या चिमण्या दिसतात, त्यांतली कोणती जुनी आणि कोणती नंतर उभी राहिली हे बाईंना पाठ. नवी चिमणी फ्रेममध्ये आली की "कट". शेवटी मी पेरूच्या एका फांदीआड ती चिमणी लपवली आणि दोन महिने तीच फांदी धरून शूटिंग केलं. त्या पेरूनं माझ्या हिरोपेक्षा जास्त काम केलं आहे.

हिरो म्हणजे रेल मिलमधला एक ट्रेनी. पोरगा देखणा, पण मराठी आजीशी बोलण्यापुरती. हिरोईन माझी भाची. मुलीच्या बापाची भूमिका बाईंच्या सख्ख्या मोठ्या भावानं मागून घेतली. यांना सारे मराठी लोक काका म्हणतात, दुर्गला मोहन नगरात राहतात, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले आणि आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. मिशी त्यांचीच, खुर्ची त्यांचीच, पेपर त्यांचाच. फक्त बसायचं आहे म्हटल्यावर त्यांनी कथाही विचारली नाही, तालीमसुद्धा केली नाही. काका म्हणाले, "माह्या बापाचाच रोल आहे, मले सांगू नका." मेकअपला सुपेल्याच्या ब्यूटी पार्लरची दुलारी होती, पक्की छत्तीसगढ़ची. आणि ऊन अडवायला, उजेड फिरवायला मोठी थर्माकोलची शीट धरून बिसाहू.

सिनेमातला मोठा सीन असा होता. मुलीचं लग्न दुसरीकडे ठरवत आहेत. बाप-भाऊ व्हरांड्यात आहेत, मुलगी दारात. दूध देऊन झाल्यावर तो मुलगा सगळ्यांदेखत एकच वाक्य म्हणतो आणि सायकलवर बसून जातो. वाक्य होतं, "जावत हंव, बाई." बस.

मी म्हटलं, बाई, हे काय प्रेमाचं वाक्य आहे? निदान तिचं नाव तरी घेऊ द्या. त्या म्हणाल्या, तू कॅमेरा धर.

हिरोनं वाक्य म्हटलं. बाई म्हणाल्या, नाही. परत म्हटलं. नाही. भोंगा वाजला, शिफ्ट सुटली, लोक घरी जाऊन जेवले, हा म्हणतोच आहे. तो असा म्हणायचा जसा गृहपाठ राहिलेला मुलगा म्हणतो. विसाव्या टेकला बाई उठल्या, माझ्या भाचीला बाजूला करून स्वतः दारात उभ्या राहिल्या आणि हिरोला म्हणाल्या,

"तू हे शिक्षिकेला म्हणतो आहेस. हे असं म्हणायचं, जसं आपल्या..."

आणि त्या थांबल्या. मी चाळीस वर्षांचा माणूस, चौथीपासून त्यांना ओळखतो, त्यांचं वाक्य मध्येच तुटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "बिसाहू, तू सांग याला."

बिसाहूनं थर्माकोल भिंतीला टेकवला. गमछानं तोंड पुसलं. दाराकडे पाहिलं, आणि दारात तेव्हा माझी भाची नव्हती, बाई होत्या. तो हळूच म्हणाला, "जावत हंव, बाई."

मी कॅमेरा बंद केला नव्हता. मागे खुर्चीवर काका पेपर वाचत होते, मिशी पिळत. दुलारीनं पावडरचा पफ तोंडाशी धरला होता. तिनं मला बाजूला ओढलं आणि म्हणाली, "भैया, हमर डहर बाई माने गोसाइन. घरवाली."

आता बघा. सुपेल्याच्या बाजारात माझी उमर गेली. 'मोर बाई मायके गे हे' असं सांगून अॅडव्हान्स बुकिंग रद्द करणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. तो शब्द मला माहीत होता. पण बाजारातली बाई वेगळ्या खणात आणि शाळेतली बाई वेगळ्या खणात, दोन्ही खण एकाच कपाटाचे आहेत हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्या बापाच्या नाही, मुख्याध्यापकाच्या नाही, मंडळातल्या एकाही शहाण्याच्या नाही. तो माणूस चाळीस वर्षं भर शाळेत, घंटा देता देता, आपल्या बायकोला बायको म्हणत होता, आणि आम्ही त्याच्या संस्काराचं कौतुक करत होतो.

तो टेक मी ठेवला. हिरोचा चेहरा दुसऱ्या शॉटमधून घेतला, आवाज बिसाहूचा लावला.

काकांना हे कोणी सांगितलं मला माहीत नाही. दुलारीच्या पोटात गोष्ट राहत नाही, एवढं सांगतो. पुढच्या सोमवारी दुकान उघडलं तर काका पायरीवर. आत येऊन त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"तेवढं काट," ते म्हणाले. "तुले समजून नाही राहिलं का? मी त्या फोटोत बसून आहो. मले मंडळात तोंड दाखवाचं आहे."

मी म्हटलं, काका, सिनेमा बाईंचा आहे. ते म्हणाले, बहीण माझी आहे. मग त्यांनी बापाची इज्जत, जात, मोहन नगरातले शेजारी, सगळं क्रमानं काढलं. बापानं त्या दूधवाल्याला तेव्हाच बदडून काढलं होतं, आम्ही समजलो मिटलं, असं म्हणाले. म्हणजे काकांना तेव्हाची गोष्ट माहीत होती. फक्त ती संपली नाही, आणि तो दूधवाला म्हणजेच शाळेचा शिपाई, हे माहीत नव्हतं. गार्डाची नोकरी केलेला माणूस, गाडी सुटलेली त्याला पन्नास वर्षांनी कळत होती. मला हसू येत होतं आणि कीवही येत होती, कारण म्हातारा रडकुंडीला आला होता.

दुपारी बिसाहू आला. त्याची सायकल मी सुपेल्यात पहिल्यांदा पाहिली. तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला की काट दे बाबू, बाईच्या इज्जतीची बात आहे, माझं काय, मी बोललो काय आणि नाही बोललो काय. मग बराच वेळ खोकला. मी त्याला पाणी दिलं.

तेवढ्यात छत्री आली, छत्रीमागून बाई. बिसाहूकडे पाहून त्या जे बोलल्या ते मराठी नव्हतं. चौथीपासून माझं एक हिंदी अक्षर खपवून न घेणाऱ्या बाई अस्सल उतईच्या बोलीत बोलत होत्या, कुठेही न अडखळता.

"तैं चुप रह. चालीस बछर ले तैं कहे, मैं सुनेंव. अब मोर पारी हे."

चाळीस वर्षं तू म्हणालास, मी ऐकलं, आता माझी पाळी. बाई माझ्यापुढच्या स्टुलावर बसल्या. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. बापानं मारल्यावरही ती दोघं भेटत राहिली. बाई शाळेत लागल्या तसा दूध सोडून तोही तिथे शिपाई लागला. बिसाहूच्या आईनं उतईला बाईंच्या हातात चुड्या घातल्या, त्या लोकांत तेवढ्यानं लग्न होतं. इकडे बापाला वचन दिलं होतं की या घराण्याचं नाव घालवणार नाही, म्हणून घर वेगळं ठेवलं. बाप गेला, वचन राहिलं. मग सवय झाली.

"त्याची छाती बरी नाही," बाई म्हणाल्या. "उद्या हा गेला तर मंडळाचे लोक मला बरोबर घेऊन उतईला जातील. दोन फुलं वाहून परत आणतील. चहा पाजतील. मी कोण म्हणून रडायचं, सांग. शिक्षिका म्हणून?"

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच माझ्या स्क्रीनवरच्या नामावलीत 'दिगदर्शन' लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. मी ग चा पाय मोडला.

काही कापलं नाही. काकांना मी सांगितलं तेव्हा मला वाटलं आता मंडळाच्या हॉलमधला खेळच रद्द होणार. पण काका गार्ड होते, त्यांना साइडिंग, म्हणजे गाडी बाजूच्या रुळावर काढणं, माहीत. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, आवाज एकदम मोकळा. म्हणाले, राहू दे रे. आपल्या लोकायले बाई म्हणजे बाईच. कोणाले काय समजते.

आणि म्हातारा बरोबर होता. मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सिनेमा लागला. पुढे मंडळी, भरजरी. मागच्या दोन रांगांत उतईहून आलेले बिसाहूचे पुतणे, सुना, पोरं. बिसाहू अगदी शेवटी, दाराजवळच्या खुर्चीवर, कोणी आलं-गेलं तर दार उघडायला. "जावत हंव, बाई" झालं, सायकल निघाली, पडदा काळा झाला. शेवट नव्हताच. लोकांना वाटलं माझं मशीन बिघडलं, दोघांनी तसं मोठ्यानं म्हटलंही. मागच्या दोन रांगांना मात्र त्या 'बाई'चा अर्थ कळला होता. एका म्हाताऱ्या बाईनं पदर डोळ्याला लावलेला मी पाहिला. ती बिसाहूची वहिनी होती.

काका टाळ्यांमध्येच माइकवर गेले. घसा खाकरून म्हणाले की मंडळाच्या वतीनं मी भगिनीचं अभिनंदन करतो. एका अडाणी सेवकाची आपल्या गुरूवर किती निष्ठा असू शकते, 'बाई' या एका शब्दात किती आदर असतो, हे या चित्रपटात दिसलं. पुढच्या रांगांनी रुमाल काढले. सिनेमात गुरू कोण, सेवक कोण, दूधवाला मुलीला गुरू कशाला मानेल, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आदर म्हटला की आमचे लोक विचार करत नाहीत. मी मशीनजवळ उभा, आणि मला वाटलं झालं, पन्नास वर्षांची गोष्ट या माणसानं दोन मिनिटांत शालीत गुंडाळून परत पेटीत टाकली. मला फार राग आला, आणि जास्त स्वतःचा आला, कारण बोलायला मीही उठलो नाही.

बाई उठल्या. काकांनी माइक पुढे केला, शाल घेऊन कार्यकर्ता धावला. बाई दोघांच्या बाजूनं निघून गेल्या. मधल्या रस्त्यानं, छत्री न टेकता, सरळ मागे दारापर्यंत. त्यांना येताना पाहून बिसाहू सवयीनं उभा राहिला आणि दार उघडायला वळला.

"बस," बाई म्हणाल्या.

तो बसला. बाजूच्या खुर्चीवरच्या पुतण्याला त्यांनी उठवलं आणि तिथे स्वतः बसल्या. सगळा हॉल माना वळवून मागे पाहत होता. बाईंनी पदर सारखा केला, आणि वर्गात कविता म्हणायच्या त्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हटलं:

"जन्मभर घेतली लोकांच्या लेकरांची हजेरी,
बिसाहूरावांचं नाव घेते, बसून त्यांच्या शेजारी."

उखाणा न कळणारा मराठी माणूस अजून जन्माला आलेला नाही. काकांच्या हातात माइक होता, तो त्यांनी खाली केला नाही आणि तोंडाशीही नेला नाही. बिसाहूला अर्थ कळला की नाही, मला माहीत नाही. आपल्या नावापुढे 'राव' लागलेलं मात्र त्यानं ऐकलं असावं, कारण तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फोटोत बसतात तसा ताठ बसला होता.

पहिल्या रांगेत काकू होत्या, काकांची बायको. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, नवरा बोलत असताना या बाईनं कधी तोंड उघडलेलं नाही. जेवायला बसा म्हणायचं असलं तरी त्या आधी काकांकडे पाहतात. त्या उभ्या राहिल्या. काकांकडे पाहिलं नाही. मागे वळून, हळदीकुंकवाला बायका नव्या नवरीला म्हणतात तशा म्हणाल्या, "ताई, इथपर्यंत आयकू नाही आलं. अजून एक बार घ्या."